हातगाडीवरील खाद्यपदार्थ आणि पाण्याची स्वच्छता

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर शहर मागे पडताच नांदगाव पेठ हे गाव लागते. नावातच पेठ असलेल्या ह्या गावाची वर्दळ अलीकडे पुष्कळ वाढली आहे. येथे औद्योगिक वसाहत आहे, कापडाचे कारखाने आहेत, औष्णिक वीज प्रकल्प आहे, महामार्गावर पथकर नाका आहे. आणि ज्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली ते पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानही ह्याच परिसरात व्हावयाचे आहे. जेथे माणूस थांबतो तेथे हातगाडी उभी राहते. सकाळी तर्री-पोहे, दुपारी भजे, आलुबोंडा व कचोरी, सायंकाळी गिला वडा व पाणीपुरी, आणि उन्हाळा लागला की रसवंती व बर्फाचा गोळा, असा हा क्रम असतो. कारखान्यातील मजूर, मालमोटारीचे चालक, शाळेची मुले आणि शेतमाल घेऊन आलेला शेतकरी हे सर्व येथे खातात. ज्याच्याजवळ घरचा डबा नाही त्याचे हे केवळ चवीचे खाणे नसून दुपारचे जेवणच होय.

ह्या खाण्याविषयी दोन प्रकारचे बोलणे नेहमी ऐकू येते. सुशिक्षित मंडळी म्हणतात, उघड्यावरचे खाऊच नये. हा उपदेश ज्यास करावयाचा त्यास दुसरा मार्गच नसल्यामुळे तो व्यर्थ जातो. दुसरीकडे गाडीवाला आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणतात, इतकी वर्षे खात आहोत, काही झाले नाही. हेही खरे नव्हे. कारण आज खाल्लेल्या पदार्थापासून विषमज्वर व्हावयाचा तर तो सामान्यतः एक ते तीन आठवड्यांनी होतो, आणि दूषित अन्नपाण्याची कावीळ उघड व्हावयास त्याहूनही अधिक दिवस लागतात. इतक्या दिवसांनी अंथरूण धरलेल्या मनुष्यास गाडीवरचा तो वडा आठवत नाही. ह्यास्तव बंदीचा व बेफिकिरीचा असे दोन्ही विचार बाजूस ठेवून, पदार्थ नेमका कोठे बिघडतो हे ग्रामसेवकांनी, आरोग्य कर्मचाऱ्यांनी व शेतकरी बांधवांनी समजून घेणे अगत्याचे आहे. ते एकदा समजले म्हणजे उपाय फारसे खर्चाचे नाहीत असे दिसून येईल.

२०२२ सालचा अनुभव

अमरावती जिल्ह्यास ह्या विषयाची आठवण करून देण्याची वस्तुतः गरज नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी, कोयलारी ह्या गावांत आणि अमरावती तालुक्यातील नया अकोला येथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. जिल्ह्यात पाच माणसे दगावली आणि दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. मेळघाटातील त्या गावांत लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यावयास घेतले होते. ही साथ हातगाडीमुळे आली नव्हती, ती पाण्यामुळे आली होती, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. परंतु गाडीवाल्याच्या पिंपातील पाणी काही निराळ्या आकाशातून पडत नाही. गावाची विहीर, गावाची टाकी, गावाचा नळ, तेथलेच पाणी तो आणतो. घरचे दूषित पाणी एका कुटुंबास बाधते. तेच पाणी गाडीवर गेले म्हणजे त्याच दिवशी पाच गावांचे लोक ते आपल्या पोटातून घरी नेतात. गाडीवरील पाण्याला घरच्या पाण्यापेक्षा अधिक जपले पाहिजे ते ह्यासाठी.

कढईपर्यंत आणि कढईनंतर

रोगजंतू उष्णतेने मरतात हे सर्वांस ठाऊक आहे. कढईतील उकळत्या तेलात पडलेला वडा अथवा भजे आतपर्यंत शिजून बाहेर आले, तर त्यावर जिवंत रोगजंतू क्वचितच राहतात. तीच गोष्ट मंद आचेवर सतत रटरटणाऱ्या तर्रीची. आपल्याकडे चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते. तेथील हंडी व रोडगे उघड्या माळावर, धुळीत आणि गर्दीत शिजतात, पण चुलीवरून उतरताच पानात पडतात. पाहणाऱ्यास ते अस्वच्छ वाटते. प्रत्यक्षात काचेच्या कपाटात सकाळपासून मांडून ठेवलेल्या थंड समोशाहून ते अधिक निर्धोक असते. जंतू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे आपण धुळीला भितो आणि थंड झालेल्या अन्नाला भीत नाही, हा आपल्या समजुतीतील मोठा दोष आहे.

साधारणपणे ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस ह्या उष्णमानात जंतू वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. हिशेब करून पाहावा: एका जंतूचे चार तासांत ४,०९६ होतात आणि सात तासांत वीस लाखांवर जातात. वऱ्हाडातील वैशाख सोडाच, आश्विनातील दुपारदेखील ह्या वाढीस पुरेशी उबदार असते. म्हणून पदार्थ एकतर वाफाळता ठेवावा किंवा बर्फपेटीत थंड ठेवावा. कोमट पदार्थ दोन तासांहून अधिक ठेवू नये. पहाटे थोडे तळून नंतर मागणीप्रमाणे घाणे काढणारा गाडीवाला, पहाटेच दिवसभराचे तळून ठेवणाऱ्यापेक्षा चांगला समजावा. त्याचे तेल जरा अधिक जळते, पण उरलेला माल फेकावा लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. तळण्याने सर्व दोष जातातच असे नाही. काही जंतूंची बीजे उकळूनही टिकतात आणि पदार्थ निवत असता पुन्हा अंकुरतात. आदल्या रात्री उकडून झाकून ठेवलेले बटाटे दुसऱ्या दिवशी आंबूस लागतात, हे पुष्कळदा त्यांचेच काम असते. पिकलेल्या जखमेतील वा फोडातील जंतू अन्नात वाढले म्हणजे जे विष तयार करतात तेही तळून नष्ट होत नाही. तेव्हा बटाटे त्याच दिवशी उकडावेत, आणि ज्याच्या बोटास पिकलेली जखम आहे त्याने ती भरून येईपर्यंत अन्नास हात लावू नये.

गिला वडा

आता आपल्या अमरावतीचा गिला वडा घेऊ. ह्या पदार्थाची निंदा करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परगावचा पाहुणा आला म्हणजे आपण त्यास आवर्जून तो खाऊ घालतो. परंतु आपला विषय समजावून सांगण्यास ह्याहून चांगले उदाहरण नाही. उडदाची डाळ भिजवून, वाटून, तिचे वडे तळतात. येथवर सर्व ठीक. पुढे तो गरम वडा पाण्यात सोडतात, भिजल्यावर हाताने दाबून त्यातील पाणी काढतात, आणि वर दही, चटण्या व मसाला घालून देतात. कढईने जे जंतू मारले ते भिजवण्याच्या पाण्यातून, दाबणाऱ्या तळहातातून आणि वरच्या चटणीतून परत येण्याची सोय येथे आपणच करून ठेवतो. शिवाय वडा स्पंजासारखा असल्यामुळे पाणी वरवर न लागता आत मुरते. पहिला वडा टाकला तेव्हा स्वच्छ असलेले पाणी शंभराव्या वड्याच्या वेळी डाळीचे कण व हाताचा मळ मिसळून कोमट झालेले असते, आणि जंतूंच्या वाढीस ह्याहून उत्तम जागा शोधूनही सापडणार नाही.

दही आंबट असते, त्यामुळे जंतूंची वाढ काहीशी मंदावते. परंतु वड्याच्या आत मुरलेल्या पाण्यावर वरून घातलेल्या दह्याचा उपयोग फारसा होत नाही. चिंचेची चटणी आंबटपणामुळे व उकळून केलेली असल्यास बरीच टिकते. सांभाराची (कोथिंबिरीची) हिरवी चटणी मात्र कच्ची असते. ती सकाळी वाटून रात्रीपर्यंत पुरवण्याचा लोभ धरू नये.

पदार्थाची चव न बिघडवता ह्यात करावयाचे बदल असे आहेत. भिजवण्याचे पाणी उकळून निववलेले अथवा निर्जंतुक केलेले असावे. ते दर दोन तासांनी, आणि गढूळ दिसल्यास त्यापूर्वीच, फेकून द्यावे. त्यात नवे पाणी भर घालून वाढवू नये, कारण जुन्यातले जंतू तेथेच राहतात. वडा हाताने न दाबता दोन झाऱ्यांमध्ये दाबावा. दही झाकून, बर्फावर ठेवावे व लागेल तेवढेच बाहेर काढावे. हीच दृष्टी पाणीपुरीस लावावी: पुरी तळलेली असल्याने निर्धोक, पाणी कच्चे असल्याने जोखमीचे, आणि त्या पाण्यात मनगटापर्यंत बुडणारा हात त्याहून जोखमीचा. लांब दांड्याच्या पळीने पाणी घातल्यास गिऱ्हाईक रागावत नाही असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव आहे.

कढईनंतरचा हात किती नुकसान करू शकतो ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे येथे एका घरातील अकरा माणसांपैकी सहा माणसांस विषमज्वर झाला. शोध घेता असे आढळले की, तेथील स्वयंपाकीण मेरी मॅलन ही स्वतः धडधाकट असूनही तिच्या शरीरात विषमज्वराचे जंतू वास करीत होते. तिने शिजवलेले गरम अन्न बाधले नसावे, तर तिने ताजी फळे कापून घातलेले आइस्क्रीम बाधले असावे, असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष होता. ज्या अन्नास तिच्या हातानंतर आच लागली ते सुटले. ज्यास लागली नाही त्यातून रोग गेला. ती बाई आजारी दिसत नव्हती, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. गाडीवाला निरोगी दिसतो म्हणून त्याने हात धुवावयाचे नाहीत असे नव्हे. शौचाहून आल्यावर, पैसे हाताळल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात धुणे, आणि खांद्यावरील एकाच फडक्याने घाम, बशी व गाडी पुसण्याची सवय सोडणे, ह्यास पैसा लागत नाही. पैसे घेण्यास घरचे दुसरे माणूस बसवता आल्यास उत्तमच. आता पुष्कळ गाड्यांवर मोबाइलने पैसे देण्याची सोय झाली आहे. नोटांचा मळ हातास लागत नाही हा तिचा एक अनपेक्षित लाभ म्हणावयास हरकत नाही.

पाणी निर्जंतुक कसे करावे

पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते शुद्ध असते असे नाही. थंडगार जारचे पाणीही केवळ जारमध्ये आहे म्हणून शुद्ध समजू नये. ते कोठे भरले, कोणी निर्जंतुक केले, हे विचारावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे भूगर्भातील पाणी खारट असते, तेथे अशा विकतच्या पाण्यावर अधिक भिस्त असते. म्हणून तेथील कार्यकर्त्यांनी ह्याकडे विशेष लक्ष द्यावे.

ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल, म्हणजे विरंजक चूर्ण, घालण्याचे काम जलसुरक्षक करतो. चांगल्या प्रतीचे चूर्ण १,००० लिटर स्वच्छ पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम पुरते. ते कोरडे टाकीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि निदान अर्धा तास जाऊ द्यावा. पाणी गढूळ असल्यास आधी तुरटी फिरवून ते निवळून घ्यावे, कारण गाळ असलेल्या पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. ताज्या चुर्णात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिल्यास, ओल लागल्यास वा ऊन लागल्यास तो उडून जातो. पंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर फाटक्या पोत्यात पडून राहिलेले चूर्ण टाकणे म्हणजे पाण्यात चुना टाकण्यासारखेच आहे. नळाच्या शेवटच्या टोकास दर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. ओटी चाचणीत पाण्यास पिवळी छटा आली तर तो आहे असे समजावे व चाचणीचे पाणी फेकून द्यावे. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून वहीत लिहिण्याचा प्रघात काही ठिकाणी दिसतो. ती गावाच्या टोकास, आणि शक्यतो हातगाड्या जेथे उभ्या राहतात तेथील नळावर, करावी.

गाडीवाल्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये चिमूटभर चूर्ण अंदाजाने टाकणे मात्र योग्य नाही. मात्रा कमी-जास्त होते. त्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या आहेत. आपल्या विदर्भासच ह्याचे श्रेय आहे: नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, जिला आपण नीरी म्हणतो, तयार केलेली अर्ध्या ग्रॅमची एक गोळी वीस लिटर पाण्यास पुरते. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबावे. पाण्यास थोडा वास येतो. तो आला म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडील अशी भीती गाडीवाल्यास वाटते. भांडे काही वेळ झाकणाखाली तसेच राहू दिल्यास तो कमी होतो, आणि चटणीमसाल्यात तर तो जाणवतही नाही.

पिण्याचे पाणी पिंपात पेला बुडवून काढू नये. तोटी असलेले पिंप घ्यावे. बशा धुण्यासाठी एकच बादली ठेवून त्यात दिवसभर बशा बुचकळणे ही आपल्याकडील सार्वत्रिक चाल आहे आणि ती सर्वात वाईट आहे. ह्या बादलीतून बशी निघते ती धुतलेली नसून सर्वांच्या उष्ट्याने सारवलेली असते. पाणी कमी असेल तर बशीच नको. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण आपल्या भागात अजूनही मिळतात. ते वापरून टाकून देता येतात आणि गुरांच्या पोटात प्लॅस्टिकही जात नाही. वर्तमानपत्राच्या कागदावर भजे देण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. छपाईच्या शाईत शिसे व इतर अपायकारक द्रव्ये असतात व ती गरम, तेलकट पदार्थात उतरतात. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ह्याविषयी स्पष्ट सूचना दिली आहे.

बर्फाविषयी थोडे सांगितले पाहिजे. गोठल्याने जंतू मरत नाहीत, ते झोपी जातात. मासळी वा अन्य माल थंड ठेवण्याचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. तो ओळखू यावा म्हणून २०१८ पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फास निळी छटा देण्याचे बंधन घालण्यात आले. रसवंतीवाल्याने व गोळेवाल्याने निळसर लादी घेऊ नये, आणि पांढरी लादी घेतली तरी ती पोत्यात गुंडाळून रस्त्यावर फोडू नये.

तेल, बेसन व रंग

तळणीच्या तेलात स्निग्धांश विघटित होऊन जी द्रव्ये साचतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हे मोजण्याचे यंत्र गाडीवाल्याजवळ नसते, पण डोळ्यांस कळणारी लक्षणे आहेत: तेल काळवंडते, दाट व चिकट होते, त्यास फेस येतो, आणि पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर निघू लागतो. अशा तेलात ताजे तेल मिसळून ते पुरवीत राहणे हा खोटा हिशेब आहे. जुने तेल नव्यालाही लवकर बिघडवते. रोज कढई रिकामी करून तेल गाळावे, तळाची जळकी कणी काढून टाकावी.

भेसळीविषयी लोकांस कुतूहल फार असते, म्हणून तिचा विचार थोडक्यात करू. बेसनात लाखेची डाळ मिसळण्याचा प्रकार विदर्भास जुना आहे. ह्या डाळीतील विषारी द्रव्यामुळे, ती दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास, पायांस कायमचा लुळेपणा येऊ शकतो; १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. हळद, डाळ वा बेसन पिवळेधमक दिसावे म्हणून मेटॅनिल यलो नावाचा कपड्याचा रंगही काही लोक घालतात. अशा बेसनाच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले असता लालसर जांभळा रंग उमटतो. हे आम्ल दाहक असल्याने ही चाचणी शाळेच्या विज्ञान शिक्षकाकडून अथवा आरोग्य कर्मचाऱ्याकडून करून घ्यावी. अलीकडे, २०२४ साली, तमिळनाडूने साखरेच्या कापसातील आणि कर्नाटकाने त्यासह गोबी मंचुरियनमधील रोडामाइन-बी ह्या गुलाबी रंगावर कारवाई केली. हा पदार्थ आता आपल्या यात्रांतही मिळतो, तेव्हा भडक रंगाकडे संशयाने पाहणेच बरे.

परंतु भेसळीवरचा खरा उपाय शेतकऱ्याच्याच हाती आहे. हरभरा आपल्या शेतात पिकतो. गावातील बचत गटाने तो घेऊन, भरडून, दळून त्याचे बेसन गाडीवाल्यांस दिले तर भेसळीचा प्रश्नच उरत नाही, आणि डाळ शहरात जाऊन पीठ होऊन परत येण्याचा हेलपाटाही वाचतो. नांदगाव पेठेसारख्या ठिकाणी, जेथे मागणी रोजची व रोखीची आहे, तेथे हा उद्योग चालण्यास अडचण दिसत नाही.

शेतकऱ्याकडे बोट दाखवावे अशाही दोन गोष्टी आहेत. सांभार, पालक, मुळा बाजारात नेण्यापूर्वी ताजा दिसावा म्हणून वाटेतल्या नाल्यात बुचकळला जातो. नाल्याचे पाणी कच्च्या भाजीवर बसले की ते चटणीपर्यंत जाते. भाजी विहिरीच्या पाण्याने धुवावी, आणि गाडीवाल्याने ती क्लोरीनच्या पाण्यात पुन्हा धुऊनच वाटावी. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कपाशीवर फवारण्याच्या औषधांचे रिकामे डबे व कॅन चांगले मजबूत असतात, म्हणून ते धुऊन त्यांत तेल, दूध वा पाणी भरण्याचा मोह होतो. हा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा. डबा कितीही वेळा धुतला तरी विष त्याच्या अंगात मुरलेले असते. रिकाम्या डब्यास भोक पाडूनच तो टाकावा, म्हणजे कोणी वापरू शकणार नाही.

कायदा आणि पंचायत

१९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा आता २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली असून त्याचा अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाला. त्याखाली लहान गाडीवाल्यासही नोंदणी करावी लागते; ही नोंदणी सोपी व अल्प शुल्काची आहे आणि ती करून देण्यात ग्रामसेवकाने साहाय्य करावे. मात्र कायद्याकडून फार अपेक्षा धरू नये. घेतलेल्या नमुन्याचा अहवाल देण्यास विश्लेषकास चौदा दिवसांची मुदत आहे. वडा त्याच सायंकाळी संपलेला असतो. नमुना तपासून अपराधी शोधता येतो, आजार टाळता येत नाही.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा नगरांसाठी आहे. त्यातील नगर पथविक्रेता समिती, ओळखपत्र, नेमून दिलेली जागा ह्या सोयी ग्रामपंचायतीच्या हद्दीतील गाडीवाल्यापर्यंत पोचत नाहीत. महामार्गालगतच्या गावात शहराएवढ्या गाड्या उभ्या राहतात, पण त्यांची चिंता पंचायतीनेच वाहावयाची असते. पंचायती बाजाराच्या जागेचे भाडे घेतात. ज्या जागेचे भाडे घेतले त्या जागेवर एक तोटी, सांडपाण्याची एक नाली आणि जवळपास एक चालू स्थितीतील शौचालय देणे हे पंचायतीचे कर्तव्य मानले पाहिजे. हे न देता गाडीवाल्यास स्वच्छतेवर व्याख्यान देणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

गाडीवाल्याशी बोलावयाचे झाल्यास गर्दीच्या वेळी, गिऱ्हाइकांसमोर बोलू नये. त्याचा अपमान होतो व तो पुढचे काही ऐकत नाही. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर जावे. “आमचं पानी काय वाईट हाये का, साहेब?” असा प्रश्न हमखास येतो. त्यास वादाने उत्तर न देता, त्याच्याच पिंपातील पाण्यावर ओटी चाचणी करून दाखवावी. पाणी पांढरेच राहिले तर “पाहा भाऊ, ह्यात क्लोरीन नाही” एवढेच सांगावे, आणि गोळ्यांची पुडी त्याच्या हातावर ठेवावी. गाडीवर बहुधा त्याची पत्नी वा आईही राबत असते. वाटण-घाटण व पाणी भरण्याचे काम त्यांच्याकडे असल्याने त्यांच्याशी बोलल्यावाचून परतू नये. त्यासाठी आशा सेविकेस सोबत न्यावे.

पावसाळ्याच्या तोंडी, मृग लागण्यापूर्वी, सर्व गाड्यांवर अशी एक फेरी व्हावी आणि टीसीएलचे ताजे पोते पंचायतीत आलेले असावे. एकाच दिवशी एका वस्तीत जुलाबाचे दोन-तीन रुग्ण आढळल्यास वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे, आणि त्या लोकांनी काय खाल्ले ह्याबरोबरच पाणी कोठले प्याले हेही विचारून लिहून ठेवावे. रुग्णास उपाशी ठेवू नये. जलसंजीवनीची पुडी एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट पाजीत राहावे. लहान मुलाचे डोळे खोल गेले, ते निपचित पडले वा पाणीही पोटात ठरेना, तर त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे, आणि वाटेतही जलसंजीवनी पाजणे चालू ठेवावे.